सेवेच्या नावाखाली : जेन मॅनिंग जेम्स हिचे आयुष्य

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. साता समुद्रापलीकडच्या त्या लढ्याशी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या लढ्याचे असलेले नाते जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. अमेरिकेतील कायद्याची गुलामगिरी १८६५ साली संपली. परंतु कायद्याने संपलेली गुलामगिरी देवळात संपते काय? राज्यसत्तेने तोडलेली बेडी धर्मसत्ता दुसऱ्या नावाने पुन्हा घालीत नाही काय? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अमेरिकेच्या युटा प्रदेशातील एका स्त्रीच्या आयुष्याने तो कसा उभा केला, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगितलेले नाही.

ही स्त्री म्हणजे जेन मॅनिंग जेम्स. ती काळी होती, पण गुलाम म्हणून जन्मली नव्हती आणि कधी विकली गेली नव्हती. मॉर्मन पंथाचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसाहत करण्यासाठी आले त्या पहिल्याच वर्षी, म्हणजे १८४७ साली, ती तेथे पोहोचली. अशा पहिल्या वसाहतकारांना अमेरिकेत ‘पायनियर’ म्हणतात आणि त्यांचा मोठा गौरव करतात. त्या वसाहतीचे जे धुरीण झाले त्यांना जेनने जवळून पाहिले, त्यांच्या घरांत ती राबली. त्यांची नावे विद्यापीठांना मिळाली, त्यांचे पुतळे उभे राहिले. जेनला काय मिळाले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मॉर्मन पंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणाने स्थापन केला. परमेश्वर आजही बोलतो आणि आपण त्याचे प्रेषित आहोत, असा त्याचा दावा होता. या पंथाच्या लोकांना अमेरिकेतील इतर ख्रिस्ती समाजाने फार छळले. मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने १८३८ साली त्यांना राज्याबाहेर घालवून देण्याचा हुकूमच काढला. मग त्यांनी इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नावू नावाचे गाव वसविले. ही पार्श्वभूमी मुद्दाम सांगितली पाहिजे. छळ सोसलेला समाज आपोआप न्यायी होतो, असा एक भाबडा समज आपल्यातही आहे. जेनचे आयुष्य त्या समजाला उत्तर देते.

जेनचा जन्म कनेक्टिकट राज्यातील विल्टन येथे एका स्वतंत्र काळ्या कुटुंबात झाला. लहान वयातच ती एका सुखवस्तू गोऱ्या शेतकऱ्याच्या घरी कामाला राहिली. धुणे, इस्त्री, स्वयंपाक ही तिची विद्या. लग्नापूर्वीच तिला सिल्व्हेस्टर नावाचा मुलगा झाला. १८४१ साली ती एका चर्चमध्ये दाखल झाली, पण तिचे मन तेथे रमले नाही. पुढच्या वर्षी एका मॉर्मन प्रचारकाचे प्रवचन तिने ऐकले आणि तिने बाप्तिस्मा घेतला. घरच्या माणसांनाही तिने या पंथात आणले.

१८४३ साली मॅनिंग कुटुंब इतर मॉर्मनांबरोबर नावूकडे निघाले. बफेलोपर्यंत सगळे एकत्र होते. तेथे या काळ्या कुटुंबाला बोटीतून पुढे नेण्यास नकार मिळाला. गोरे सहधर्मी पुढे गेले. जेन, तिची म्हातारी आई, भाऊ, बहिणी आणि लेकरे पायी निघाली. सुमारे ८०० मैल! जोडे झिजून गेले, पाय फुटले, आणि जमिनीवर आपल्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत होते, असे जेनने आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. वाटेत एका नदीवर पूल नव्हता, तेव्हा गळ्याइतक्या पाण्यातून ती पार झाली. दहिवर पडलेल्या उघड्या रानात झोपली. पिओरिया गावी अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. तुम्ही स्वतंत्र असल्याचे कागद दाखवा, नाहीतर तुरुंगात घालतो, अशी धमकी दिली. हे कागद म्हणजे काय, हेच आधी त्यांना कळेना, कारण ती माणसे कधी कुणाची गुलाम नव्हतीच. गोऱ्याचे स्वातंत्र्य गृहीत असते, काळ्याला ते खिशात बाळगावे लागते. एवढी गोष्ट त्या चौकात जेनला कळली असेल.

नावूला पोहोचल्यावर जोसेफ स्मिथ आणि त्याची पत्नी एमा यांनी या कुटुंबाला आपल्या घरी उतरविले. घरच्या बाकीच्यांची कुठे ना कुठे सोय लागली. जेन एकटीच उरली आणि रडू लागली. तेव्हा जोसेफने तिला हेच तुझे घर असे सांगितले. तेथे ती मोलकरीण म्हणून राहिली. त्या घरातील दोन प्रसंग तिने पुढे आयुष्यभर जपले.

पहिला प्रसंग धुण्याचा. एके दिवशी धुवायच्या कपड्यांत तिला जोसेफची मंदिरातील विधीची वस्त्रे सापडली. तशी वस्त्रे तिने कधी पाहिली नव्हती. ती हातात धरून ती विचार करीत राहिली. दुसरा प्रसंग एमाचा. आमच्या कुटुंबात आमची मुलगी म्हणून तुला विधिपूर्वक जोडून घेऊ का, असे एमाने तिला दोनदा विचारले. मॉर्मनांच्या समजुतीप्रमाणे असे नाते मरणानंतरही टिकते. जेनला तेव्हा त्याचा अर्थ उमगला नाही आणि तिने नको म्हटले. जी पवित्र वस्त्रे तिने आपल्या हातांनी धुतली ती अंगावर घालण्याचा अधिकार आणि जे नाते तिला एकदा देऊ केले होते ते नाते, या दोन गोष्टींसाठी तिला पुढे म्हातारपणी अर्ज करावे लागले.

२७ जून १८४४ रोजी जोसेफ स्मिथचा जमावाने खून केला. जेन मग ब्रिगहॅम यंग या नव्या पुढाऱ्याच्या घरी कामाला गेली. आयझॅक जेम्स या स्वतंत्र काळ्या माणसाशी तिचे लग्न झाले. १८४६ साली मॉर्मनांना नावूही सोडावे लागले. वाटेत आयोवात जेन बाळंत झाली. सप्टेंबर १८४७ मध्ये नवरा आणि दोन मुलगे यांच्यासह ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात शिरली, तेव्हा ती पुन्हा गर्भार होती. त्या खोऱ्यात आलेले पहिले स्वतंत्र काळे कुटुंब म्हणून जेम्स कुटुंब ओळखले जाते.

त्याआधी दोन महिने, जुलैमध्ये, ब्रिगहॅम यंगची आघाडीची तुकडी तेथे पोहोचली होती. तिच्यात तीन काळे पुरुष होते : ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी. हे तिघेही दक्षिणेकडील मॉर्मन मालकांचे गुलाम होते. पुढे १८९७ साली सॉल्ट लेक सिटीत जे ब्रिगहॅम यंगचे स्मारक उभारले, त्याच्या ब्राँझच्या पाटीवर पायनियरांच्या यादीत या तिघांची नावे वेगळी काढून ‘काळे सेवक’ अशा मथळ्याखाली घातली आहेत. गुलाम हा शब्द त्या पाटीवर नाही.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवायला हवी. ते खोरे ओसाड नव्हते. युट, शोशोनी आणि गोशूट या आदिवासींची ती भूमी होती, आणि कागदोपत्री ती मेक्सिकोची होती. छळातून पळून आलेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या भूमीवर आपले राज्य मांडले. जेनही त्या वसाहतीचा भाग होती. तिची बाजू घेताना हे विसरता येणार नाही.

पहिली वर्षे उपासमारीची गेली. १८४८ साली किड्यांनी आणि थंडीने पिके खाल्ली. १८४९ च्या वसंतात एलायझा लायमन या बाईचा नवरा, जो पंथाचा प्रेषित होता, तिला मागे ठेवून धर्मकार्यासाठी कॅलिफोर्नियाला निघून गेला. घरात पीठ नव्हते. एलायझाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की जेन जेम्सने तिला दोन पौंड पीठ दिले आणि तिच्याजवळ होते त्यातले ते जवळजवळ निम्मे होते. या दोघी नावूला जोसेफच्या घरात एकत्र राहिलेल्या होत्या. गाव वसविणे म्हणजे काय, हे सांगताना इतिहासकार कालवे, रस्ते आणि कायदेमंडळे मोजतात. उपाशी शेजारणीला अर्धे पीठ देणारीनेही ते गाव वसविले, असे कुणी म्हणत नाही.

त्याच वसाहतीच्या कायदेमंडळाने ४ फेब्रुवारी १८५२ रोजी एक कायदा केला. त्याने युटा प्रदेशात काळ्यांची गुलामगिरी कायदेशीर झाली. कायद्याचे नाव मात्र ‘सेवेसंबंधी कायदा’ असे होते. दुसऱ्याच दिवशी ब्रिगहॅम यंगने त्याच सभागृहात जाहीर केले, की काळे लोक हे भाऊ मारणाऱ्या केनचे वंशज आहेत आणि त्यांना पौरोहित्य मिळणार नाही. मॉर्मन पंथात पौरोहित्य ही मूठभर भटजींची मिरास नाही. तेथे जवळजवळ प्रत्येक पुरुषाला ते मिळते. म्हणजे सगळ्यांना खुले असलेले दार फक्त एका वंशासाठी बंद करण्यात आले. जोसेफ स्मिथच्या हयातीत, १८३६ साली, एलायजा एबल या काळ्या माणसाला पौरोहित्य दिलेले होते. मॅसॅच्युसेट्समधील वॉकर लुइस हाही काळा पुरोहित होता. तेव्हा हा नियम सनातन नव्हता. त्याला तारीख आहे, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी केलेला गुलामगिरीचा कायदाही त्याच्या शेजारी उभा आहे. आदल्या दिवशी मालकांची सोय झाली, दुसऱ्या दिवशी त्या सोयीला शाप मिळाला. धर्माज्ञा अनादि असते असे सांगणाऱ्यांनी तिची तारीख नेहमी शोधून पाहावी.

१८६० च्या जनगणनेत संपूर्ण युटा प्रदेशात ५९ काळी माणसे नोंदली गेली, त्यांपैकी २९ गुलाम होती. काँग्रेसने १८६२ साली अमेरिकेच्या सर्व केंद्रशासित प्रदेशांतील गुलामगिरी बंद केली. या काळात जेन आणि आयझॅक यांनी कष्टाने घर केले, थोडी जमीन, बैल, घोडा, मेंढ्या जोडल्या. जेन सूत कातीत होती, कपडे शिवीत होती, धुणी धूत होती, साबण करीत होती. १८७० च्या सुमारास आयझॅक तिला सोडून गेला. दुसरे लग्न केले तेही दोन वर्षांत मोडले. एकामागून एक मुले गेली. तरी स्त्रियांच्या रिलीफ सोसायटीत ती जात राहिली. सेंट जॉर्ज, लोगन, मँटाय येथे मंदिरे बांधली गेली, तेव्हा धुण्याच्या पैशातून तिने त्यांना वर्गणी दिली. नवरा वीस वर्षांनी परत आला तेव्हा तिने त्याला घरात घेतले, आणि १८९१ साली तो वारला तेव्हा त्याची अंत्यप्रार्थना तिच्याच घरी झाली.

मॉर्मनांच्या मंदिराविषयी थोडे सांगितले पाहिजे. रविवारच्या प्रार्थनेची सभागृहे वेगळी आणि मंदिर वेगळे. सभागृहात जेनला मज्जाव नव्हता. टॅबरनॅकल या मोठ्या सभागृहात तर म्हातारपणी तिला आणि तिच्या भावाला पुढे राखीव जागा असे. मंदिरात मात्र दोन मोठे विधी होतात. एंडोमेंट या विधीत भक्ताला पवित्र वस्त्रे आणि परलोकीचे ज्ञान मिळते. सीलिंग या विधीने नवराबायको, आईबाप आणि मुले अनंतकाळासाठी एकमेकांशी जोडली जातात. हे दोन्ही झाल्याशिवाय स्वर्गातील सर्वोच्च पद नाही, अशी श्रद्धा आहे. काळ्या स्त्रीपुरुषांना हे दोन्ही विधी बंद होते. मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची तेवढी मुभा होती, आणि ती जेनने १८७५ साली व पुढेही घेतली.

एलायजा एबल हा पुरोहित असूनही त्याला एंडोमेंट नाकारण्यात आले होते. १८८४ च्या डिसेंबरात तो वारला. त्याच महिन्यात जेनने पंथाचे अध्यक्ष जॉन टेलर यांना पत्र पाठविले. त्या पत्राची भाषा आपण नीट ऐकली पाहिजे. आपला वंश आणि रंग आपल्याला माहीत आहे, गोऱ्यांसारखी अपेक्षा आपण करू शकत नाही, अशी कबुली त्यात आधी येते. आणि मग ती विचारते, की अब्राहामाच्या वंशातून पृथ्वीवरच्या सर्व राष्ट्रांना आशीर्वाद मिळेल असे देवाचे वचन आहे ना? मग त्यात माझ्यासाठी काहीच नाही काय? एमाने देऊ केलेल्या नात्याचीही ती आठवण देते. शाप मान्य करून बोलणारी ही बाई शापाच्या मुळावरच बोट ठेवते. वचन सर्वांना असेल तर अपवाद कुणी केला?

उत्तर १८८८ साली आले. मृतांसाठी बाप्तिस्मा घेण्याचे परवानापत्र तिला मिळाले, आणि एवढ्यावर समाधान मान असे तिला कळविण्यात आले. तिने समाधान मानले नाही. काळा पुरोहित वॉकर लुइस याच्याशी मला जोडता येईल का, असेही १८९० च्या पत्रात तिने विचारले. त्या पत्राखाली तिने स्वतःला ‘तुमची धर्मभगिनी’ म्हटले आहे.

१८९३ साली सॉल्ट लेकचे भव्य मंदिर खुले झाले. १८ मे १८९४ रोजी तेथे जेनसाठी एक विधी करण्यात आला. तो पूर्वी कधी झाला नव्हता, तिच्यासाठीच तो नव्याने रचला होता. जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी तिला अनंतकाळासाठी जोडण्यात आले, पण मुलगी म्हणून नव्हे, सेविका म्हणून. आणि त्या विधीलाही तिला आत घेतले नाही. ती जिवंत होती, त्याच शहरात राहत होती, पण तिच्या जागी बॅथशिबा स्मिथ ही गोरी बाई उभी राहिली. एरवी जो प्रतिनिधी मृतांसाठी उभा करतात तो या जिवंत बाईसाठी उभा केला गेला.

येथे कायद्यातली ‘सेवा’, पाटीवरचे ‘सेवक’ आणि मंदिरातली ‘सेविका’ एका ओळीत येतात. धर्मसत्तेला दास्य हा शब्द आवडत नाही. ती त्याला सेवा म्हणते. मनुस्मृतीने शूद्राला दिलेला धर्मही तिन्ही वर्णांची असूयारहित सेवा हाच होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाळली गेली, ती या शब्दासाठीही. मनूने निदान पुढच्या जन्माची लालूच ठेवली होती. जेनला मिळालेली सेवा मरणानंतरही संपणारी नव्हती.

जेनने ही देणगी डोक्यावर घेतली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती पुन्हा अध्यक्षांकडे गेली. विल्फर्ड वुड्रफ यांनी देवाच्या कायद्याविरुद्ध आपल्याला काही करता येत नाही असे सांगून तिला परत पाठविले. १९०३ पर्यंत तिचे अर्ज चालू राहिले. तेव्हा ती जवळजवळ आंधळी झाली होती. गोरे लोक तिला प्रेमाने ‘आंट जेन’ म्हणत. म्हाताऱ्या काळ्या बायांना अमेरिकेत असेच म्हणण्याची रीत होती. मावशी म्हणायला काही द्यावे लागत नाही.

आता आपल्या मनात येणारा प्रश्न. ती बाहेर का पडली नाही? नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १९५६ साली नागपूरला तो शब्द खरा केला. त्या मापाने मोजले तर जेन आपल्याला चोखोबांच्या जवळची वाटेल. पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहूनही चोखोबांनी विठोबा सोडला नाही, आणि आपल्या हीन जातीचे कारण त्यांनी पूर्वकर्मात शोधले. मॉर्मन धुरिणांपैकी काहींनीही पुढे असेच सांगितले, की काळे आत्मे जन्मापूर्वीच्या जगात कमी निष्ठावान होते. पूर्वजन्मीचे पाप शोधण्याची युक्ती कोणत्याही एका देशाची मिरास नाही.

तरीही जेनला केवळ शरणागत म्हणणे मला पटत नाही. तिच्यामागे समाज नव्हता. काही डझन काळी माणसे, ना संघटना, ना वर्तमानपत्र, ना पुढारी. ८०० मैल चालून तिने हा धर्म स्वतः निवडला होता. तो तिच्यावर जन्माने लादला नव्हता. म्हणून ती भीक मागत नव्हती, हिशेब मागत होती. पाय माझे फुटले, वस्त्रे मी धुतली, पीठ मी वाटले, वर्गणी मी दिली, मग वाटा कुठे आहे? एकट्या, निरक्षरतेच्या काठावरच्या बाईने वीस वर्षे सर्वोच्च सत्तेला हा प्रश्न लेखी विचारला. लढ्याचे हे रूप आपल्या ओळखीचे नाही म्हणून ते लढा नव्हते, असे होत नाही. तिच्यात जे नव्हते तेही सांगू. हा शाप खोटा आहे असे तिने जाहीरपणे म्हटले नाही. एकट्या माणसाचा अर्ज दफ्तरात पडतो. त्याला सत्याग्रह करायला माणसे लागतात.

आपले आत्मकथन तिने दुसऱ्या एका बाईकडून लिहवून घेतले आणि ते आपल्या अंत्यप्रार्थनेत वाचावे असे सांगून ठेवले. आपली गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली तर तिचे काय होते, हे तिला ठाऊक असावे. १६ एप्रिल १९०८ रोजी ती वारली. अंत्यविधीला अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ स्वतः बोलले. याच अध्यक्षांनी त्याच वर्षी आपल्या मंडळापुढे एलायजा एबलचे पौरोहित्यही रद्दबातल होते असे सांगितले. १८७९ साली ते याच्या उलट बोलले होते. मृताची स्तुती करण्यात आणि त्याचा हक्क नाकारण्यात धर्मसत्तेला कधी विरोध दिसत नाही.

बंदी उठली ती जून १९७८ मध्ये. तेव्हा नवा साक्षात्कार झाल्याचे जाहीर झाले. १९७९ साली जेनच्या नावाने एंडोमेंटचा विधी करण्यात आला, पुन्हा प्रतिनिधीमार्फतच, कारण ती जाऊन ७१ वर्षे झाली होती. २०१३ साली पंथाने जुन्या शापाच्या आणि पूर्वजन्मीच्या दोषाच्या उपपत्ती अधिकृतपणे सोडून दिल्या. जुलै २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ग्रीन फ्लेक, हार्क, ऑस्कर आणि जेम्स कुटुंब यांचे पुतळे उभे राहिले. हे चांगलेच झाले. परंतु पुतळा पाहून परतणाऱ्याने १८ मे १८९४ ची नोंदही वाचावी. जेनने वीस वर्षे जे अर्ज केले त्यांपैकी एकही सेविका होण्यासाठी नव्हता.